टोपणं एका घरात, नळ्या दुसऱ्या घरात

पेनांच्या कारखान्याच्या दारात छोट्या येऊन उभा राहिला होता आणि भाऊ त्याच्याकडे सरळ बघत अक्काला विचारत होता, "काय गं, येणारेय का तो, की नुसताच तुझा निरोप?"

अक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायचं नाही तर नका बोलू, पण माणूस समोर उभा असताना तो नाहीच असं वागायचं म्हणजे हद्द झाली. वाटणी झाल्यापासून तिच्या या दोन भावांनी अबोल्याचे नाना प्रकार करून दाखवले होते. बायकांमार्फत बोलून झालं, मुलांमार्फत बोलून झालं, मध्यंतरी तर भिंतीला उद्देशून बोलणं चालू होतं. हा प्रकार मात्र नवाच होता.

"आलाय," ती म्हणाली. "तुझ्या नाकासमोर उभा आहे. त्याच्या पोटानं अख्खं दार अडवलंय, तेही दिसत नसेल तर कमाल आहे तुझी."

"दिसतंय की. न दिसायला काय झालं?" भाऊ घाईनं म्हणाला आणि पाठ फिरवून हत्यारं पुसायला लागला. ती आधीच लख्ख पुसलेली होती.

छोट्या आत आला. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, बाजारातल्या दुकानदारांच्या संघटनेचा तो अध्यक्ष झाला, तरी घरात तो छोट्याच. त्याच्या काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. मागोमाग त्याची मुलगी चिमणी आली. ती एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवायची. दिवसभर बारीक हत्यारानं खोटे दात घासून खऱ्यासारखे करायचे, हे तिचं काम. एवढ्या जबड्यांशी रोज गाठ पडूनही या घरातल्या दोन जबड्यांपुढं तिचं काही चालत नव्हतं.

तिचं मागणं तसं साधं होतं. आजोबांचा लेथ विकू नका, मला त्यावर पेनं करायला शिकवा. भाऊनं एका वाक्यात विषय संपवला होता. "पट्ट्यात केस अडकतील." आणि उद्या सकाळी जुन्या यंत्रांचा दलाल टेम्पो घेऊन लेथ न्यायला येणार होता.

ते वाक्य चिमणीनं सांगितलं, तेव्हा अक्काच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला होता. अगदी हेच वाक्य आप्पांनी, तिच्या वडिलांनी, तिला ऐकवलं होतं, ती दोन वेण्यांची असताना. भाऊ आणि छोट्या दोघंही तिच्या पाठचे. दोघांनाही आप्पांनी आपण होऊन लेथपाशी उभं केलं, आणि ती बाहेरच्या पायरीवर बसून आतला आवाज ऐकत राहिली. पुढं ती शाळेत मास्तरीण झाली, चांगली कडक मास्तरीण झाली, पण तो आवाज तिच्या कानातून कधी गेला नाही. म्हणूनच आज तिनं आपली सगळी अब्रू पणाला लावून हा घाट घातला होता.

"ठेव तो डबा इथं," तिनं छोट्याला फर्मावलं. "भाऊ, तुझाही काढ."

भाऊनं कपाटातून तसलाच दुसरा डबा काढला. दोन डबे शेजारी शेजारी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

या डब्यांची गोष्ट बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती, इतकी ती लाजिरवाणी होती. आप्पा गेले तेव्हा त्यांच्या हातची शेवटची पेनं पॉलिश होऊन पडली होती. टोपणांचं पॉलिश वेगळं करायचं, नळ्यांचं वेगळं, ही त्यांची पद्धत. त्यामुळं एका डब्यात सगळी टोपणं होती आणि दुसऱ्यात सगळ्या नळ्या, निबा बसवलेल्या. वाटणीच्या दुपारी आवाज असे चढले होते की कुणीतरी ओरडलं, "एक डबा तुझा, एक माझा, संपलं!" आणि खरंच संपलं. झाकण उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही. घरी गेल्यावर छोट्याला कळलं की आपल्याकडं नुसती टोपणं आहेत, आणि भाऊला कळलं की आपल्याकडं उघडी पेनं. पण "तुझा डबा दे" असं आधी म्हणणार कोण? भांडण काय, तर छोट्याला दुकानात साच्यातली स्वस्त पेनंही ठेवायची होती आणि भाऊला ती आप्पांच्या पेनांशेजारी बघवत नव्हती. "तुझ्यावाचून कारखाना चालवून दाखवीन," असं भाऊ म्हणाला होता. तेव्हापासून टोपणं एका घरात होती आणि नळ्या दुसऱ्या.

"तर मग," छोट्या घसा साफ करत, खिडकीकडं बघत म्हणाला, "इतकी गयावया केली म्हणून आलो. नाहीतर माझी टोपणं मला जड नव्हती."

"गयावया?" भाऊ गर्रकन वळला. "कुणी केली गयावया? अक्का, तू तर म्हणालीस की हाच डबा द्यायला तडफडतोय!"

"मी तडफडतोय? मला तर ती म्हणाली, भाऊच्या डोळ्यांत पाणी आलं."

दोघंही एकदम अक्काकडं वळले. बऱ्याच वर्षांनी दोघं कुठल्या तरी एका बाजूला आले होते, आणि ती बाजू तिच्या विरोधात होती याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

"खोटं बोलले," ती म्हणाली. "दोघांशीही. शाळेत पोरांना यासाठी ओणवं उभं केलंय मी. मला करायचं तर करा, पण आधी डबे उघडा."

भाऊची बायको चहा घेऊन आली होती. ती कपांची ताटली हातात धरून अशी हसायला लागली की चहा बशीत सांडला. मग चिमणीला हसू आवरेना. आता चिडून निघून जायचं तर चहा सोडून जावं लागणार होतं, तेव्हा छोट्यानं बूड टेकलं. भाऊनं डब्याचं झाकण काढलं.

टोपणं जुळवायचं काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. बाजारातल्या पेनाचं टोपण कुठल्याही भावंडाला बसतं. आप्पा आटे पाडायचे ते दातेरी हत्यार हातात धरून, नजरेच्या अंदाजानं. त्यामुळं प्रत्येक टोपण आपापल्याच नळीवर नीट बसायचं. दुसऱ्या नळीवर एक तर चढायचं नाही, नाहीतर चढून डगडगायचं. एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, त्या तपकिरी-काळ्या कांड्या सगळ्या एकाच रंगाच्या, आणि जोर केला की आटा तुटणार. अक्कानं एक टोपण उचलून बघितलं, दुसरं उचललं आणि मुकाट्यानं खाली ठेवलं.

भाऊनं एक नळी घेतली. डोळे मिटून त्यानं अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवलं. मग टोपणांत करंगळी घालून बघू लागला. "हे, नाहीतर हे," तो म्हणाला. त्यापुढं त्याला जाता येईना.

छोट्याला राहवलं नाही. "आण इकडं. अरे, एकाच कांडीतून कापलेलं असतं ना दोन्ही? मग लाटा बघायच्या." त्यानं नळी उजेडात धरली, टोपण तिच्या टोकाला लावलं आणि हळूच फिरवलं. नळीवरची तपकिरी लाट वर सरकत गेली आणि टोपणावर न तुटता पुढं चालू लागली. "हे बघ. ते नाही, हेच."

"फिरव," भाऊ म्हणाला.

छोट्यानं फिरवलं. टोपण दोन वेढ्यांत बसलं.

भाऊनं दुसरी नळी घेतली, नख फिरवलं आणि दोन टोपणं छोट्यापुढं सरकवली. छोट्यानं त्यातलं एक निवडलं. आटे भाऊला कळत होते, लाटा छोट्याला. आप्पांनी एकाला हात शिकवला होता आणि दुसऱ्याला गिऱ्हाइकापुढं माल धरायला शिकवलं होतं. दोघांत मिळून जेवढं होतं तेवढं आप्पांना एकट्याला येत होतं, असं अक्काच्या मनात आलं आणि तिला त्या दोघांची फार माया वाटली. तसं तिनं दाखवलं मात्र नाही.

जवळजवळ सगळी पेनं जुळून झाली, तेवढ्यात दारावर टकटक झाली. एक उंच, रापलेल्या चेहऱ्याची बाई आत डोकावली. बुटांना गवत चिकटलेलं होतं.

"या ना डॉक्टर," चिमणी म्हणाली आणि बापाची नजर चुकवली. त्यांना तिनंच बोलावलं होतं. बाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. छोट्याच्या दुकानात त्या कितीदा येऊन रिकाम्या हातानं परत गेल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा एका घोड्यानं चावून वाकडा केला होता. बारीक पेन बोटांत ठरत नव्हतं आणि बॉलपेनावर जोर दिला की हात मनगटापर्यंत ठणकायचा.

"आज सुट्टी, आणि तुम्ही सगळे घरचे जमलात. मी नंतर येते," त्या म्हणाल्या.

"छे, छे, बसा." छोट्यातला दुकानदार क्षणात जागा झाला. त्यानं फडकं अंथरलं, जुळलेली पेनं त्यावर मांडली, शाईची दौत उघडली. "आमच्या वडिलांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकानं स्वतःचं नाव लिहून पेन बघायचं नाही. नाव तर कुणीही झोकात लिहितो. तुम्ही रोज सगळ्यात जास्त जे लिहिता, ते लिहायचं."

बाई हसल्या. त्यांनी एक पेन शाईत बुडवलं आणि लिहिलं, *दिवसातून दोनदा, पाण्यातून.* पेन बोटांतून घसरलं. दुसऱ्याचंही तेच. तिसरं त्यांनी बराच वेळ धरलं आणि नाइलाजानं ठेवून दिलं. "सुंदर आहेत हो. दोष माझ्या हाताचा आहे."

मग त्यांची नजर भाऊच्या डब्यात गेली. तळाशी एक नळी उरली होती, बाकीच्यांपेक्षा चांगलीच जाड, मानेपाशी बोटं विसावतील अशी खोलगट.

"ती बघू?"

त्यांनी ती शाईत बुडवली. निब कागदावर टेकली आणि बाईंचे खांदे खाली आले. *दिवसातून दोनदा, पाण्यातून.* त्यांनी खाली पुन्हा लिहिलं, मग आणखी एकदा. निबेचा अगदी बारीक, मऊ आवाज येत होता. ओली शाई क्षणभर चमकायची आणि मग कागदात शांतपणे मुरायची. "दुखत नाहीये," त्या म्हणाल्या. जनावरांच्या डॉक्टरांना असं आश्चर्य वाटलेलं अक्कानं पहिल्यांदाच बघितलं. "मी हेच घेते. याचं टोपण कुठंय?"

छोट्यानं आपल्या डब्यात हात घातला. डबा रिकामा होता.

"त्याला टोपण नाही," भाऊ हळूच म्हणाला. "ते आप्पांनी स्वतःसाठी केलं होतं. शेवटी शेवटी त्यांची बोटं मिटत नव्हती. नळी झाली, निब बसली, आणि टोपण करायचं राहून गेलं."

आप्पांनी जन्मभर लोकांसाठी पेनं केली. स्वतःसाठी केलेलं हे एकच, हे अक्काला आज कळत होतं.

"मग हे विकायचं नाही," छोट्या म्हणाला. "हे घरात राहणार."

"कुठं राहणार? शोकेसमध्ये?" भाऊ उसळला. "आप्पांना पेन कपाटात ठेवलेलं चालायचं का? बाईंच्या हाताला बसलंय, बाईंना दे."

"अरे, पण तूच ना म्हणायचास, आप्पांच्या मालाला बाजारात..."

"विकणारा तू आणि नाही म्हणतोस? साच्यातली पेनं विकताना कुठं गेलं होतं तुझं हे प्रेम?"

"आणि लेथ भंगारात घालताना तुझं कुठं गेलंय?"

झालं. वाटणीची दुपार पुन्हा सुरू होणार, असं अक्काला वाटलं. डॉक्टरबाई संकोचून उठू लागल्या. तेव्हा चिमणी मध्ये पडली. "काका, टोपण करा ना. एकच. जाड कांडी आहे वर फळीवर. मग यांना देऊन टाकू. आजोबांचं पेन रोज लिहीत राहील."

"नाही होणार."

"का पण?"

"नाही होणार म्हणजे नाही होणार! उद्या लेथ जातोय."

"सांगा की आता," भाऊची बायको म्हणाली. ती दाराला टेकून उभी होती. "किती दिवस हत्यारं पुसत बसणार आहात?"

भाऊनं तिच्याकडं रागानं बघितलं. म्हणजे ती उभी होती त्याच्या जरा डावीकडं बघितलं. आणि अक्काच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दारात उभा असलेला छोट्या. मिटल्या डोळ्यांनी चाचपलेले आटे. कारखान्यात शिरल्यापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं तेही आता कळलं. इथं एबोनाइटच्या किसाचा तो जळक्या रबराचा वास येत नव्हता. नुसतं तेल आणि धूळ. कितीतरी दिवसांत इथं एकही पेन झालं नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुला दिसत नाहीये."

"दिसतं. धूसर दिसतं. उजेडाकडं बघितलं की सगळं पांढरं होतं." तो स्टुलावर बसला. "आटा पाडायला गेलो की हत्यार कुठं टेकतंय ते कळत नाही. कांड्या फुकट गेल्या. मग सोडून दिलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?" छोट्या ओरडला.

"कसं सांगू? तुझ्यावाचून चालवून दाखवीन म्हणालो होतो ना."

छोट्याला चिडायचं होतं, पण भाऊच्या त्या वाक्यानं त्याचा सगळा राग पार ढिला पडला. तो उठला, भावाजवळ गेला आणि त्याची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडं वळवला. "डॉक्टर, तुम्ही बघा हो जरा."

"मी गाईगुरांची डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या. पण पुढं झाल्या. "मोतीबिंदू दिसतोय, चांगला पिकलेला. माझा अंदाज आहे हं, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बैलाला असता तरी मी इतके दिवस ठेवला नसता."

"बैलच आहे तो," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तिला दुसरं काही सुचलं नाही.

"उद्या मी घेऊन जातो तुला," छोट्या म्हणाला. "नाही म्हणालास तर उचलून नेईन."

"आणि आज?" चिमणीनं फळीवरची जाड कांडी आधीच खाली काढली होती. "काका, तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. तुम्ही सांगा, मी हात चालवते."

भाऊनं मान हलवली. "तुझे केस..."

"थांब," अक्का म्हणाली.

तिनं आपल्या अंबाड्यातला मोठा चाप काढला. चिमणीला पाठमोरं उभं केलं, तिचे केस गोळा केले, घट्ट पीळ दिला आणि चाप खटकन लावला. वरून भाऊचं हत्यारं पुसायचं फडकं बांधून टाकलं. एवढ्याशा कामाला किती वेळ लागतो? चहा ओतायला लागतो तेवढाही लागला नाही. आणि एवढ्याशा कामासाठी ती जन्मभर पायरीवर बसून राहिली होती. आप्पांचा तिला राग आला, खरा, कडकडीत राग, आणि ते समोर नाहीत याचं वाईटही वाटलं.

"अडकतायत का आता?" तिनं भाऊला विचारलं. भाऊनं चाचपून बघितलं आणि लेथचं बटण दाबलं.

पट्टा फिरू लागला. कांडीला हत्यार टेकलं तसा किसाचा लांबच लांब काळा धागा सुटला आणि तो वास आला. छोट्यानं नाक भरून श्वास घेतला. भाऊ डोळे मिटून, कान लेथकडं करून उभा होता. "जोर कमी. ऐक, आवाज चिरका झाला. हां, आता गुणगुणतोय. असाच राहू दे." चिमणीची बोटं स्थिर होती. टोपणाला आकार आला, आतून पोकळ झालं. तिनं दातेरी हत्यार घेतलं आणि आटे पाडायला आत टेकवलं.

कट्.

कडेपासून एक तडा सरळ वर गेला. चिमणीनं लेथ बंद केला. तिचा चेहरा उतरला. सगळे भाऊकडं बघू लागले. कांडी फुकट घालवली की भाऊ काय करतो ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. छोट्याच्या कपाळावर त्याची खूण अजून होती.

भाऊनं फुटकं टोपण हातात घेऊन त्याच्या पोटातून नख फिरवलं. कितीतरी वेळ फिरवत राहिला.

"पहिले दोन आटे बरोबर आलेत," तो म्हणाला. "माझ्या पहिल्या टोपणाला एकही आला नव्हता. दुसरी कांडी घे."

चिमणी फळीकडं पळाली. डॉक्टरबाईंनी बूट काढून ठेवले आणि बाकावर नीट मांडी घालून बसल्या, म्हणजे त्यांना आता घाई नव्हती.

"छोट्या," भाऊ त्याच्या दिशेनं बघत म्हणाला, "तो दलाल. त्याला येऊ नको म्हणून सांगायला हवं. तुझं तोंड चालतं, तूच सांग."

"काय सांगू?"

"सांग, लेथवर काम चालू आहे."

छोट्या फोन घेऊन बाहेर पायरीवर गेला. त्याचा आवाज आत येत होता, एकदम अध्यक्षाचा. चिमणीनं दुसरी कांडी बसवली. अक्का आपल्या सवयीच्या जागी, दाराच्या चौकटीपाशी उभी होती. सुटलेले पांढरे केस मानेवर आले होते, ते तिनं कानामागं सारले.

"तू तिथं काय करतेस?" भाऊनं विचारलं.

"बघतेय."

"तिथून काय दिसतंय? ये इकडं. आटे ती पाडेल. बाहेरून गोल करायचंय ते तू कर."

"माझे केस मोकळे आहेत," अक्का म्हणाली.

"तुझे राहिलेत कुठं अडकायला," भाऊ म्हणाला. "ये, उभी राहा."

अक्कानं फळीवरचा सुतळीचा तुकडा घेतला, असतील नसतील तेवढे केस घट्ट बांधले आणि लेथपाशी जाऊन उभी राहिली.